रविवारच्या वारली चित्रकला वर्गाविषयी

सासूबाई मार्गशीर्षात गेल्या. नऊ वर्षांची आमची लेक तेव्हा रडली नाही. आजीच्या खाटेवर मात्र ती कोणालाही टेकू देईना. तिला कशात तरी गुंतवावे, एवढ्याच हेतूने ठाण्यातील या वर्गात तिचे नाव घातले. चार रविवार, दोन-दोन तास आणि साहित्यासह 1,600 रुपये.

शिकवणारे दादा डहाणू तालुक्यातले. त्यांना मी फोनवर सारे सांगितले होते, तरी त्यांनी मुलीला काहीही विचारले नाही, हे मला फार आवडले. पहिल्या दिवशी तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक कालवणे व बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करणे, एवढेच झाले. लग्नघरातील सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी हीच चित्रे कशा काढत, हे त्यांनी हात चालवता चालवता सांगितले. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची गोष्टही तेव्हाच निघाली: लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले आणि जे सांगायचे ते मातीत चित्रे काढून सांगू लागले, पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसऱ्या रविवारी टोकाला टोक जुळवलेल्या दोन त्रिकोणांतून माणूस कसा उभा राहतो, ते शिकवले. लेक म्हणाली, "माझी आजी अशी सरळ नव्हती." दादा म्हणाले, "मग वरचा त्रिकोण पुढे ओढ." तिने तो ओढला आणि कागदावर सासूबाईंचा पोक जसाच्या तसा उतरला. मग गच्चीवर वाळवण राखणारी, तांदूळ निवडणारी, काठी टेकत जाणारी अशी आजीच आजी. परतताना रिक्षात ती आपणहून बोलू लागली. आजी कावळ्यांना हुसकायची की घास टाकायची, यावर आमचा वादही झाला.

तक्रारी आहेत. लहानशा खोलीत अठरा मुले दाटीने बसवतात. तिसऱ्या रविवारपासून पिठीऐवजी बाटलीतला तयार रंग आला, आणि शेवटचा दिवस तर प्लास्टिकच्या ट्रेवर नक्षी काढण्यात गेला, ज्याचे कारण मला अजून उमगलेले नाही. या पैशांत पिठी चारही दिवस पुरवता आली असती.

पिठीचे चित्र घरी नेताना गुंडाळू नये, ही सूचनाही आधी मिळायला हवी होती. आमच्या चित्रातील आजीची काठी तडकून गळून पडली. लेकीने त्याच रात्री वाटीत पीठ कालवून ती पुन्हा काढली, पहिलीपेक्षा थोडी जाड.