बारामती, शिरपूर की गोंदिया? पुण्यातून पायलट व्हायचं तर

पुणे शहरात कमर्शिअल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, विमान उडवायला शिकवणारी एकही संस्था नाही. हे आधी सांगून टाकते, कारण शहरात पाट्या पुष्कळ दिसतात. त्या पाट्यांमागे ग्राउंड क्लास असतो. वर्ग, फळा, नोट्स, मॉक टेस्ट. विमान दुसऱ्याच जिल्ह्यात. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तिथे प्रवासी विमानांनाच वेळ पुरत नाही. आणि हडपसरचं सरकारी ग्लायडिंग सेंटर बिनइंजिनाच्या ग्लायडरचं. लहानपणी सोलापूर रस्त्यावरून जाताना मान वाकडी करून मीही पाहिलंय, पण सीपीएलचं काम तिथे होत नाही.

मी पतसंस्थेत हिशेब बघते. विमानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. लेकीने बारावीनंतर पायलट व्हायचं म्हटल्यावर मी माझ्या सवयीने वही उघडली आणि एका पानावर चार उभे रकाने आखले: बारामती, शिरपूर-धुळे, गोंदिया, परदेश. आता सोसायटीतलं कुणी ना कुणी ती वही मागायला येतं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "ताई, स्वस्त कुठे पडेल?" प्रश्नच चुकतो.

फी सगळीकडे उन्नीस-बीस. सीपीएल, मल्टी-इंजिन (दोन इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायची परवानगी) धरून आम्हाला मिळालेली कोटेशनं पन्नास लाखांच्या अलीकडे-पलीकडे होती. खरा फरक पडतो तो महिन्याला मुलाचे किती तास उडून होतात यात. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाने सीपीएलला किमान २०० तास लागतात. बहुतेक संस्था त्यातले १८५ तास एका इंजिनाच्या विमानावर आणि १५ दोन इंजिनांच्या विमानावर करून घेतात. आता गणित बघा. संस्थेत खरोखर उडणारी विमानं सहा, प्रत्येक विमान दिवसाला चार तास हवेत, महिन्यातले बावीस दिवस उडता येण्याजोगे. झाले ५२८ तास. विद्यार्थी साठ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला नऊ तासही येत नाहीत, आणि २०० तासांना पावणेतेवीस महिने लागतात. तीच विमानं आणि विद्यार्थी पस्तीस असतील, तर सव्वातेरा महिन्यांत सुटका.

मधल्या साडेनऊ महिन्यांची किंमत कुठल्याच माहितीपत्रकात नसते. चाळीस लाखांचं कर्ज अकरा टक्क्यांनी पूर्ण उचललेलं असेल, तर नुसतं व्याज महिन्याला छत्तीस हजारांच्या वर. खोली आणि मेस धरा बारा हजार. साडेनऊ महिन्यांचे साडेचार लाखांहून जास्त होतात. म्हणजे तीन लाखांनी स्वस्त म्हणून निवडलेली संस्था दीड लाखाने महाग पडली. शिवाय मुलगा घरी फोनवर "आज पण नंबर नाही लागला" म्हणतो, त्याचा हिशेब वेगळाच.

"आमच्याकडे दहा विमानं आहेत" या वाक्यात "आहेत" आणि "उडतात" यांत मोठा फरक असतो, हे मी एका हँगरमध्ये शिकले. संस्थेचं नाव घेत नाही, जिल्हाही नाही. माहितीपत्रकात दहा विमानं होती. हँगरमध्ये डावीकडच्या कोपऱ्यात तीन उभी होती. एकाच्या चाकातली हवा गेलेली, एकाच्या पुढचं इंजिनच काढून नेलेलं, तिसऱ्याच्या पंख्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. लेकीने खरंच लिहिलं. आम्हाला फिरवणारे गृहस्थ म्हणाले, "पार्ट यायचेत." केव्हापासून, ते विचारल्यावर त्यांना अचानक फोन आला. तिथेच आम्ही "आजच सीट बुक करा" या घाईला बळी पडून पन्नास हजार भरले होते. ते परत आले नाहीत. हिशेबनीस बाईचे पन्नास हजार बुडतात, तर तुमचेही बुडू शकतात.

बारामती

पुणेकरांना सगळ्यात जवळचं हेच. शंभरेक किलोमीटर, स्वारगेटहून विनाथांबा एसटी. कार्व्हर एव्हिएशन आणि रेडबर्ड अशा दोन संस्था इथे आहेत. जवळ असल्याचा फायदा घरचा डबा पोहोचवण्यात नाही. खरा फायदा असा, की पैसे भरण्याआधी तीन-चार वेळा, न सांगता, वेगवेगळ्या वेळी जाऊन बघता येतं. गोंदियाला असं कोण जातंय? शिवाय बारामती पर्जन्यछायेत. पुण्यात पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे बरेचदा नुसते ढग असतात. पण पाऊस नाही म्हणजे उड्डाण आहे, असं समजू नका. जून-जुलैत पठारावरून पश्चिमेचा वारा असा सुटतो की शिकाऊ मुलांना जमिनीवरच बसावं लागतं. सेसना १५२ या छोट्या शिकाऊ विमानाच्या मॅन्युअलमध्ये आडव्या वाऱ्याचा आकडा १२ नॉट, म्हणजे ताशी बावीसेक किलोमीटर, आहे, १७२ चा १५. विद्यार्थी एकटा उडणार असेल तर संस्था त्याहूनही कमी मर्यादा ठेवतात. लेकीच्या लॉगबुकात, म्हणजे उडालेल्या तासांच्या नोंदवहीत, मार्चचं पान गच्च भरलेलं आहे, जुलैच्या महिन्यात तीन ओळी.

अडचण दोन संस्था आणि एक धावपट्टी ही. सकाळी हवा शांत असते, म्हणून सगळ्यांनाच सकाळ हवी असते. दुसरी गोष्ट, ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत रेडबर्डची दोन शिकाऊ विमानं बारामती परिसरात कोसळली आणि डीजीसीएने त्यांचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं होतं. नंतर परवानगी मिळून ते पुन्हा सुरू झालं. हे सांगते ते घाबरवायला नाही. अपघातानंतर काय बदललं, हा प्रश्न सरळ विचारा. विद्यार्थ्यांना विचारा, ऑफिसला विचारा, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघा. हाच प्रश्न बाकीच्या ठिकाणीही विचारायचा, कारण शिकाऊ विमानांच्या लहानमोठ्या घटना सगळीकडे होतात. लपवते कोण आणि सांगते कोण, एवढंच बघायचं.

शिरपूर, धुळे

शिरपूरला एसव्हीकेएम या शिक्षणसंस्थेची अकादमी, स्वतःच्या धावपट्टीसकट. धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लब. मूळचा जुहूचा, १९२८ चा. जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये देशातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळवलं ते याच क्लबात शिकून. ऐकायला छान वाटतं, पण आजचा इन्स्ट्रक्टर किती तासांचा अनुभवी आहे हे त्यातून कळत नाही, तेवढं वेगळं विचारा.

इथली जमेची बाजू म्हणजे मोकळं आकाश. उणी बाजू अंतर आणि खानदेशातला उन्हाळा. दुपारी हवा इतकी तापते की छोटं विमान चढायलाच कुरकुर करतं. पातळ हवेत पंखही कमी उचलतात आणि इंजिनही कमी ओढतं. मग दुपारची सोर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, गेली, पुन्हा सगळी गर्दी सकाळवर. कॅम्पसमध्ये राहायला लागलं तर मुलींच्या आईवडिलांना शिरपूर आवडतं, हे मी तिथे भेटलेल्या दोघी आयांकडून ऐकलं. मलाही आवडलं होतं. आम्ही गेलो नाही ते केवळ तेव्हा पुढची बॅच सात महिन्यांनी होती म्हणून.

गोंदिया

एनएफटीआय, म्हणजे विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाच्या सीएई कंपनीची भागीदारी. प्रवेश परीक्षा, मुलाखत, वसतिगृह, ठरलेला कोर्स. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट जाता येतं, फक्त पाठीचा विचार आधी करा. ज्या मुलाला मागे कुणीतरी लागल्याशिवाय पुस्तक उघडवत नाही, त्याच्यासाठी मी बारामतीपेक्षा गोंदिया म्हणेन. उत्तर प्रदेशातल्या फुर्सतगंजची सरकारी इग्रुआ हीसुद्धा याच जातकुळीची, देशभरातल्या मुलांची परीक्षा घेऊन निवड करणारी. प्रवेश मिळाला तर बाकी वही मिटवली तरी चालेल.

इथे एक इंधनाची गोष्ट मध्येच सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. सेसना चालते एव्हगॅसवर, म्हणजे छोट्या विमानांच्या खास पेट्रोलवर. उड्डाणाआधी मुलं पंखाखालच्या नळीतून पारदर्शक कपात थोडं इंधन काढून उजेडात धरतात. रंग फिकट निळा हवा, आणि पाण्याचा थेंब तळाशी बसलेला दिसायला नको. लेकीने पहिल्यांदा तो कप माझ्या डोळ्यांसमोर धरला तेव्हा मला वाटलं, रॉकेलच की! (तिने हात जोडले.) हे एव्हगॅस महाग, आणि त्याचा पुरवठा अडला की संस्थेची सगळी विमानं एकदम बसतात. २०२२ पासून इंडियन ऑइल ते बडोद्याला बनवू लागली आहे. डायमंडची डिझेल इंजिनाची विमानं मोठ्या विमानांच्याच एटीएफवर, म्हणजे जेटच्या इंधनावर, उडतात, आणि टेकनॅमसारख्या विमानांतलं रोटॅक्स इंजिन पेट्रोलवरही चालतं. म्हणून "विमानं किती" याबरोबर "कुठल्या इंधनावरची" आणि "गेल्या वर्षी इंधनाअभावी किती दिवस उड्डाण बंद होतं" हेही विचारा. आणखी एक: दोन सीटांच्या विमानात इन्स्ट्रक्टर, विद्यार्थी आणि इंधन मिळून वजनाची मर्यादा लवकर येते. मुलगा धिप्पाड असेल तर चार सीटांची १७२ त्या संस्थेत आहे ना, ते बघून घ्या.

परदेश

हवा चांगली असेल तिथे तास भराभर होतात, यात वाद नाही. अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत गेलेली मुलं वर्षाच्या आत परतलेली मी पाहिली आहेत. पण परतल्यावर ते लायसन्स इथे चालत नाही, बदलून घ्यावं लागतं. डीजीसीएचे पेपर, तिकडच्या लायसन्सची पडताळणी, इथल्या विमानावर पुन्हा चाचणी. रुपया घसरला की तुमची फी तुम्हाला न विचारता वाढते. पैसे हातात रोख असतील तर विचार करा. कर्ज काढून जाणार असाल तर माझं मत नाही असं आहे.

आता कागदांचं. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग संस्थांची श्रेणीवार यादी काढायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत, ए प्लस प्लस आणि ए प्लसमध्ये, देशातली एकही संस्था नव्हती. त्यामुळे "आम्ही नंबर वन" म्हणणाऱ्याला श्रेणी विचारा, आणि ती त्याच्या तोंडून न ऐकता डीजीसीएच्या संकेतस्थळावर बघा. कोटेशनमध्ये जीएसटी लावला असेल तर थांबा. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेच्या मान्यताप्राप्त फ्लाइंग कोर्सला जीएसटी नाही, तसं केंद्राचं परिपत्रक ऑक्टोबर २०२४ चं आहे. आम्हाला एकाने अठरा टक्के लावले होते, परिपत्रक समोर ठेवल्यावर "ते जुनं फॉरमॅट होतं" म्हणून काढले. फी एकरकमी कधीच भरू नका. जेवढे तास उडाले, तेवढे हप्ते. शिल्लक तासांचे पैसे परत मिळण्याची अट लेखी नसेल तर ती अटच नाही.

संस्था निवडण्याआधी दोन कामं पुण्यातच उरकून घ्या. पहिलं, क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटची पहिली वैद्यकीय तपासणी. ते निघाल्याशिवाय एक रुपयाही कुणाला देऊ नका, आणि शक्यतो त्यापाठोपाठ क्लास वनही करून घ्या. लायसन्सला शेवटी तेच लागतं. दुसरं, पेपर. नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के लागतात. घरी राहून, आईच्या हातचं खाऊन पेपर सोडवून मगच फ्लाइंगला गेलेला मुलगा उरलेल्यांच्या पुढे जातो, कारण पाऊस असो, विमान नादुरुस्त असो, त्याचं डोकं फक्त उडण्यात असतं. पेपर राहिलेली मुलं बारामतीला खोलीचं भाडं भरून पुण्याच्या क्लासचे व्हिडिओ बघत बसलेली मी पाहिली आहेत. बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसलेल्या मुलांनी एनआयओएस या मुक्त विद्यालयातून ते विषय दिल्याची उदाहरणं आमच्याच क्लासमध्ये तीन होती.

हे सगळं करून आम्ही बारामती निवडली. लेकीचे सगळे पेपर झाले होते, अभ्यासाला तिच्या मागे लागावं लागत नव्हतं, आणि आम्ही गेलो त्या तिन्ही वेळी संस्थेच्या फळ्यावर उडणारी म्हणून लिहिलेली विमानं खरोखर हवेत होती. यातलं एकही तुमच्या बाबतीत खरं नसेल तर माझा निर्णय उचलू नका.

बघायला जाल तेव्हा रविवारी जाऊ नका, आणि फोन करून तर मुळीच नको. मधल्या वारी पहाटेची एसटी धरा, साडेआठपर्यंत पोहोचा. ऑफिसात शिरण्याआधी बाहेरच्या टपरीवर चहा घ्या, तिथे गणवेशातली मुलं असतातच. त्यांना फी विचारू नका. लॉगबुक दाखवतोस का, असं विचारा, आणि शेवटचे तीन महिने उलटून बघा.