आईबाबांचा कॉम्प्युटर लांबून सांभाळायचा, तर कोणतं मोफत साधन घ्यावं?

आईबाबा ठाण्याच्या नौपाड्यात, मुलगी खारघरला. मालमत्ता कराची पावती डाउनलोड झाली पण सापडत नाही, किंवा प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतोय. एवढ्यासाठी पनवेल-ठाणे लोकल पकडायची गरज नाही. साधन निवडताना सुविधांची यादी बघत बसू नका. पलीकडच्या माणसाला फोनवर काय वाचून दाखवावं लागेल आणि किती वेळा परवानगी द्यावी लागेल, तेवढं बघा.

दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल आणि मदत अधूनमधूनच लागत असेल, तर आधी क्विक असिस्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच लांबून मदत करायचं साधन. आईंनी कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबलं की ते उघडतं. विंडोज १० वर जुनी आवृत्ती असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून नवी घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्ट खातं फक्त मदत करणाऱ्याला लागतं. तुमच्याकडे आलेला सहा अक्षरी कोड त्यांना सांगायचा, तो त्यांनी टाकायचा. सुरुवातीला तुम्हाला फक्त स्क्रीन दिसते. माउस हवा असेल तर तुम्ही ताबा मागायचा आणि त्यांनी 'अलाऊ' दाबायचं.

पंचाईत होते ती प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, टाकताना. विंडोज 'बदल करू देऊ का?' असं विचारतं आणि तुमच्याकडची स्क्रीन काळी पडते. कनेक्शन तुटलेलं नसतं. तो प्रश्न विंडोज वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर दाखवतं आणि तिथपर्यंत तुमचा हात पोचत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवा: "स्क्रीन मंद होऊन प्रश्न आला, की मला वाचून दाखवा, मग 'यस' दाबा." त्यांचं खातं अ‍ॅडमिनचं नसेल तर तिथे पासवर्डही लागेल. तो आधी शोधून ठेवा, नाहीतर अर्धा तास त्यातच जातो.

एका बाजूला मॅक असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप बरं. इथे कोड उलट्या दिशेने जातो: बारा आकडी कोड आईंच्या स्क्रीनवर येतो, तो त्यांनी तुम्हाला वाचून दाखवायचा. कोड पाच मिनिटंच चालतो, आणि दर अर्ध्या तासाने 'शेअरिंग चालू ठेवायचं का' असं त्यांना विचारलं जातं. पहिल्यांदा एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो, तो तुम्ही पुढच्या भेटीतच बसवून या. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या दोन परवानग्याही तेव्हाच द्या. समोर कुणी नसताना शिरायची सोयही यात आहे. त्यासाठी दोन्हीकडे एकच गूगल खातं आणि किमान सहा आकडी पिन लागतो. फक्त कॉम्प्युटर झोपला की काहीच करता येत नाही, म्हणून स्लीप बंद ठेवायला हवी.

एनीडेस्क इन्स्टॉल न करताही चालतं, फाइल छोटी आहे आणि कमी स्पीडवरही बऱ्यापैकी काम देतं. टीमव्ह्यूअर घरगुती वापराला मोफत आहे, पण व्यावसायिक वापराचा संशय आला की काही मिनिटांत कनेक्शन तोडतं. रस्टडेस्क मुक्तस्रोत आहे. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांना ते आवडेल, बाकीच्यांनी त्या वाटेला जायचं कारण नाही. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप होम आवृत्तीच्या कॉम्प्युटरवर शिरायला चालत नाही. प्रो असली तरी राउटरवर त्याचं ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडू नका.

फोनसाठी अपेक्षा कमी ठेवा. आयफोनची स्क्रीन ही साधनं फक्त दाखवतात, चालवू देत नाहीत. अँड्रॉइडवर एनीडेस्कला ताब्यासाठी वेगळं प्लगइन लागतं. शिवाय काही बँकांची अ‍ॅप्स फोनमध्ये असलं साधन दिसलं की उघडतच नाहीत.

बँकांची ही काळजी अनाठायी नाही. एनीडेस्क बसवायला लावून यूपीआयमधून पैसे काढण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. म्हणून घरात एकच नियम करा: फोन आपल्याच माणसाचा आहे याची खात्री असल्याशिवाय कोणताही कोड वाचायचा नाही, टाकायचा नाही. शंका आली तर आधी वायफाय बंद, मग बाकीचं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. ठाण्याच्या फोनमध्ये एनीडेस्क बसवलं असेल, तर काम संपल्यावर ते आईंकडून काढूनच घ्या. कॉम्प्युटरसाठी क्विक असिस्ट आहेच, मग ते फोनमध्ये ठेवायचं काही कारण उरत नाही.