एक्स्टेन्शन ट्यूब, आठ महिने आणि उद्यमनगरातलं भंगार

फेब्रुवारीत एक्स्टेन्शन ट्यूबचा संच मागवला तेव्हा डोक्यात फुलं आणि मुंगळे होते. आठ महिने झाले, एकही मुंगळा काढलेला नाही. हार्ड डिस्क भरलीय ती नट, कानशी, झिजलेल्या चक-की (लेथचा चक आवळायची चावी) आणि लेथवरून उडालेल्या चिपांनी, म्हणजे धातूच्या कापटांनी. तेव्हा हा अनुभव त्या कामापुरताच धरा. मुंगळेवाल्यांना उपयोग होईलच असं नाही.

आधी वस्तू काय ते सांगतो. १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या तीन पोकळ नळ्या. आत भिंग वगैरे काही नाही. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये अडकवायच्या. लेन्स सेन्सरपासून लांब सरकली की जवळची वस्तू मोठी दिसते, एवढीच गंमत. माझ्याकडे साधी ५० मिमी लेन्स आहे, कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा. नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ, हा हिशोब. १२ आणि ३६ जोडल्या की ४८, म्हणजे वस्तू जवळपास आहे त्याच मापाने सेन्सरवर उमटते. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याला चोवीस नंबरचा पाना लागतो तो नट आडवा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसतो. तिन्ही नळ्या लावल्या तर सतरा नंबरवाला. तीन हजारांच्या आत हे सगळं आलं, तक्रार करायला जागा नाही. (तरी करणार आहे, खाली.)

मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका छोट्या मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. जॉब (बनवलेला भाग) उचलायचा, मापायचा व्हर्निअर लावायचा, पास किंवा रिजेक्ट, पुढचा. बारा वर्षं हेच. तरी पहिल्या महिन्यात माझे फोटो इतके मेलेले का येत होते ते कळायला वेळ लागला. मी नट डिझेलमध्ये धुऊन, फडक्याने लख्ख पुसून, पांढऱ्या कागदावर ठेवत होतो. फोटो यायचे ते विक्रीच्या कॅटलॉगसारखे. धुताना नटाच्या अंगावरची सगळी हकीकत मीच काढून टाकत होतो.

सुटलो तो एका चिपेमुळे. आमचे टर्नर मिस्त्री माइल्ड स्टीलचा शाफ्ट कोरडाच काढत होते, कूलंट बंद होतं. ट्रेमध्ये कुरळ्या चिपांचा ढीग पडलेला. त्यातली एक चिमट्याने उचलून ३६ ची नळी लावली. एका टोकाला गवती पिवळा रंग, मग तपकिरी, जांभळा आणि वेटोळ्याच्या पोटात गडद निळा. कापताना निघणारी बरीचशी उष्णता चिपच घेऊन जाते. ती तापली की वर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो; ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग दिसतात त्याच कारणाने. पिवळा साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा तीनशेच्या जवळ. म्हणजे एका इंचाच्या तुकड्यावर त्या कटची सगळी उष्णता रंगांत मांडलेली होती. चिपेची बाहेरची बाजू टूलवर घासत आलेली, म्हणून आरशासारखी गुळगुळीत. आतली बाजू मात्र पायऱ्यापायऱ्यांची, नांगरटीसारखी. नुसत्या डोळ्यांनी ती राखाडी दिसते. मी रोज बुटाने बाजूला सारत होतो.

बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जॉबवर हे मिळत नाही, आधीच सांगून ठेवतो. त्यात ग्रॅफाइटच्या पापड्या असतात, त्यामुळे चिप कुरळी न होता भुगा होतो. त्या काळ्या भुग्याचाही फोटो चांगला येतो, पण कॅमेऱ्याजवळ तो भुगा नकोच.

आता कामाच्या गोष्टी. एफ ८ एवढं लेन्सचं छिद्र ठेवलं तर शार्प दिसणारी खोली मिळते अर्धा-पाऊण मिलिमीटर. नटाचा एक आटा शार्प, शेजारचा गेला. प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर लागतं, आणि शेजारी लेथ चालू असेल तर जमीनच थरथरत असते. म्हणून माझं सगळं काम जेवणाच्या सुट्टीत, मशिनं बंद असताना. टायमर दोन सेकंदांवर, हात खिशात. तिन्ही नळ्या लावल्या तर वस्तू लेन्सपुढे जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर येते आणि लेन्सचीच सावली पडते. लाइटवर मी एक रुपया खर्च केला नाही. शॉपच्या खिडकीच्या काचेवर वर्षानुवर्षांचा ऑइलचा थर आहे, त्यातून येणारा उजेड स्टुडिओतल्या मऊ उजेडाच्या कुठल्याही सॉफ्टबॉक्सच्या तोंडात मारेल. मालकांनी काच पुसायला काढली होती. हातापाया पडून एक तावदान वाचवलं.

अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टननी १९३० मध्ये ढबू मिरचीचा तो प्रसिद्ध फोटो काढला तेव्हा मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, प्रकाश चहूकडून परतून यावा म्हणून. वाचल्यावर मी आमचं ऑइलचं नरसाळं आडवं करून त्यात चक-की ठेवली. जमतं! चक-कीच्या दांड्यावर जिथे तळवा टेकतो तिथे लोखंड चांदीसारखं झालंय, बाकी काळं. नरसाळ्यात तो चकाकता भाग पांढराफट होऊन जळला नाही आणि काळ्यातली खरवडही दिसली.

दुसरे अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्सनी १९५५ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी पाना, पक्कड, गवंड्याची थापी असली साधी हत्यारं सरळ समोरून, कुठलाही थाट न करता टिपली होती. त्यांचा तो सरळपणा मी उचललाय. पार्श्वभूमीला आमची मापं तपासायची ग्रॅनाइटची सपाट सरफेस प्लेट, वर कागद अंथरून. ओरखडा गेला तर पगारातून जाईल.

तक्रारी. नळ्यांच्या आतला काळा रंग चकाकतो, त्यामुळे धातूवर फोटोच्या मध्यभागी धुरकट डाग यायचा. काळा मखमली कागद आतून चिकटवला, डाग गेला. तिसऱ्या महिन्यात १२ च्या नळीची जोड ढिली झाली, लेन्स किंचित डुलते. पाचव्या महिन्यात तिचे कॉन्टॅक्ट अधूनमधून तुटायला लागले आणि कॅमेरा लेन्सच ओळखेना. खोडरबराने घासून चाललंय. आणि शॉपफ्लोअरवर नळ्या बदलू नका. एकदा मी बदलल्या, सेन्सर साफ करायचे पैसे ट्यूबच्या किमतीच्या निम्मे गेले. चूक माझीच.

पुन्हा घेईन का? घेईन, पण २० ची नळी मी दोनदाच वापरली, सुटी मिळाली असती तर फक्त १२ आणि ३६ घेतल्या असत्या. ज्यांना हातात कॅमेरा धरून काढायचेत त्यांनी घेऊ नये, वैतागतील.

मिस्त्री सुरुवातीला हसायचे. “आवो, पुसून तरी घ्या की आधी. भंगारवाला बी एवढं निरखून बघत न्हाई.” मग एकदा त्यांना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर निळी चिप दाखवली. बराच वेळ बघितली, म्हणाले, “हे फीड जास्त झालं हुतं माझं.” फीड म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग. हल्ली त्यांच्या लेथवर ग्रीसचा एक रिकामा डबा असतो, त्यात ते वेगळ्या चिपा काढून ठेवतात. गेल्या आठवड्यात एक वीतभर लांब, अखंड निघालेली जांभळी चिप दिली. ती माझ्या फ्रेममध्ये कशीच मावत नाही.