मेट्रो कुणाची बरी: मुंबईची की पुण्याची?

आमच्या मुंबईची मेट्रो 2014 साली वर्सोवा–घाटकोपर धावली, पुण्याची 2022 मध्ये. ज्येष्ठतेवरून वाद घालायचा तर विषय इथेच मिटतो. पण पुणेकर असे मिटू देणार थोडेच!

पुण्याचे वनाज–रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड–स्वारगेट हे दोन्ही मार्ग मिळून सुमारे 33 किमी भरतात. आमची आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका एकटीच तेवढी आहे. तिने वरळीला स्थानक दिलं, जिथे लोकल कधी नव्हतीच, आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांनाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाला मात्र अजून रिक्षा शोधावी लागते.

दिसण्यात पुणं जिंकतं, हे कबूल. डेक्कन आणि संभाजी उद्यान स्थानकांना मावळी पगडीचा आकार दिलाय. आमच्या भुयारी मार्गिकेची स्थानकं जमिनीखाली, मिरवणार काय? शिवाय पुण्यात दोन्ही मार्ग महामेट्रो या एकाच कंपनीकडे, सिव्हिल कोर्टला सरळ गाडी बदलायची. मुंबईत सगळे मार्ग चालवणारे एकच नाहीत.

तरी रोजच्या ऑफिसला मी मुंबईचीच घेईन. पुण्यात मेट्रोतून उतरलेला माणूस शेवटी दुचाकीच काढतो.