मोठं स्टोअर की पेठेतला शेठ: टाइल्स घेताना कुणाची वाईट सेवा परवडते?

घराचं काम काढलंय आणि माल कुठून उचलायचा यावरून घरात दोन तट पडलेत, अशांसाठी हे लिहितोय. एका बाजूला हायवेलगतचं मोठं, एसीवालं स्टोअर, ज्याच्या शहरोशहरी शाखा असतात. दुसऱ्या बाजूला पेठेतला किंवा कात्रज-कोंढवा रस्त्यावरचा दुकानदार, ज्याला आपण सगळे शेठच म्हणतो. पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं काम करताना मी दोन्हीकडून माल घेतला. व्हिट्रिफाइड की सिरॅमिक, मॅट की ग्लॉसी, हे तुमचं ठरलेलं असेल असं धरून चालतो. भावातही फार जीव नाही. टाइल्स दोन्हीकडे बहुतेक गुजरातमधल्या मोरबीहूनच येतात, जीएसटी दोन्हीकडे 18 टक्के, आणि स्टोअरची ऑफर काय नि शेठशी केलेली घासाघीस काय, चौरस फुटाचा आकडा शेवटी जवळपास तिथेच येतो. निदान माझा आला.

राहिली सेवा. ती दोन्हीकडे वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. फक्त वाईटपणाची जात वेगळी.

शेठचा वाईटपणा पायरीवरच भेटतो. तो मान वर करत नाही. समोर एखादा कंत्राटदार उभा असेल तर तुम्ही दुकानात आहात याची दखलही घेतली जात नाही. 'बजेट काय?' हा पहिला प्रश्न, आणि तुम्ही सांगितलेल्या आकड्यावर चेहऱ्यावर जे उमटतं ते लपवायची त्याला गरज वाटत नाही. नमुने भिंतीला टेकवून एकावर एक रचलेले. आतला हवा असेल तर पोरगा येईपर्यंत थांबा. ट्यूबलाइटच्या उजेडात आयव्हरी आणि पांढरा यांतला फरक कळत नाही म्हणून टाइल उचलून रस्त्यावर न्यावी लागते, आणि ती नेताना मागून 'साहेब, जपून' ऐकू येतं. बायको एकदा बरोबर आली, नंतर नको म्हणाली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

स्टोअरमध्ये याच्या बरोबर उलट. दारात नमस्कार, पाणी, बसायला खुर्ची, आख्खी बाथरूम मांडून ठेवलेली. तुमच्या खोलीची मापं घालून टाइल्स लागल्यावर कशा दिसतील ते संगणकावर दाखवतात. पैसे भरेपर्यंत तक्रारीला जागाच नाही. घरच्या मंडळींना घेऊन निवांत निवड करायची असेल तर स्टोअरला तोड नाही, हे मी आजही मान्य करतो.

माझं पारडं फिरलं ते शेडवरून, म्हणजे टाइलच्या रंगछटेवरून.

ज्यांचा यात हात पोळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टाइल भट्टीत भाजली जाते आणि एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळेलच असं नसतं. म्हणून बॉक्सवर डिझाइनच्या नावाबरोबर शेड आणि बॅच छापलेली असते. एकेक टाइल हातात धरून पाहिली तर फरक दिसत नाही. अंथरल्यावर, खिडकीतून तिरपा उजेड आला की हॉलच्या मधोमध पट्टा उठतो. वर बॉक्सवरच छापलेलं असतं की लावण्याआधी तपासून घ्या, लावल्यानंतर तक्रार चालणार नाही.

स्टोअरमधून आलेल्या हॉलच्या मालात काही बॉक्स वेगळ्या शेडचे निघाले. मिस्त्री जुना आणि डोळस होता, त्याने बॉक्स फोडण्याआधीच शिक्के वाचले, म्हणून पुढचा अनर्थ टळला. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. गोडाऊनमधून माल भरताना असं कुणाकडूनही होतं. खरा छळ पुढे. ज्या मुलाने टाइल्स विकल्या त्याला फोन केला, तर 'सर, डिलिव्हरी आमच्याकडे येत नाही.' डिलिव्हरीवाले म्हणाले, चलनाप्रमाणे माल बरोबर आहे. तेही खरंच, कारण चलनावर डिझाइनचा कोड असतो, शेड नसते. ग्राहक सेवेच्या नंबरवर एका गोड आवाजाने तक्रार क्रमांक दिला आणि फोटो मागवले. फोटो पाठवल्यावर उत्तर आलं की फोटोत फरक दिसत नाही. अहो, तो फोटोत दिसत नाही हेच तर दुखणं आहे! म्हणून तर बॉक्सवर नंबर छापतात! दरवेळी फोन नवीन माणूस उचलायचा आणि मी डिझाइनच्या नावापासून पुन्हा सुरुवात करायचो. स्टोअरमध्ये जाऊन उभा राहिलो तर मॅनेजर मीटिंगमध्ये. माझ्याशी तिथे कुणीही उद्धट बोललं नाही, एकदाही नाही. फक्त 'हो, बदलून देतो' म्हणायचा अधिकार असलेला माणूस त्या आख्ख्या इमारतीत मला भेटला नाही.

इकडे मिस्त्री आणि त्याचा बिगारी बसून. त्यांचा रोज मला चुकत नव्हता, आणि मिस्त्री एकदा दुसऱ्या साइटवर गेला की परत कधी येईल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. बॉक्स अखेर बदलून मिळाले, नाही असं नाही. पण 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया आमच्या सेवेला गुण द्या' हा मेसेज ते मिळायच्या आधी आला.

बाथरूमच्या भिंतीचा माल शेठकडचा होता. तिथे वेगळीच पंचाईत झाली. जुना गिलावा काढल्यावर एक भिंत सरळ करावी लागली, माप वाढलं आणि टाइल्स कमी पडल्या. शेठला फोन केला. आधी त्याने, मिस्त्रीने मोजून का सांगितलं नाही, म्हणून मला सुनावलं. मग म्हणाला, 'बॉक्सच्या बाजूचा शिक्का वाचा.' मी वाचला. त्याच्याकडे ती बॅच संपली होती, पण त्याने माझा फोन चालू ठेवूनच दुसऱ्या दुकानदाराला विचारलं, शिव्या घालून भाव पाडून घेतला, आणि संध्याकाळच्या आत छोट्या हत्तीतून बॉक्स दारात. टेम्पोवाल्याने ते खालीच उतरवले आणि वर चढवायची हमाली वेगळी मागितली, हेही नोंदवून ठेवतो. 2 बाय 2 चा बॉक्स 25-30 किलोचा असतो, लिफ्ट नसेल तर हा खर्च आधीच धरा. स्टोअरची डिलिव्हरीही गेटपर्यंतच असते, तेव्हा यात डावं-उजवं नाही.

उरलेल्या बॉक्सचंही तेच. तुटफुटीसाठी दहाएक टक्के माल जास्त घ्यावा लागतो आणि त्यातला काही उरतोच. शेठने न फोडलेले बॉक्स कुरकुरत का होईना, परत घेतले. पैसे हातात दिले नाहीत, सिमेंट आणि टाइल्सच्या फटी भरायच्या ग्राउटच्या हिशेबात वळते केले. स्टोअरचा परतीचा नियम कागदावर जास्त उदार आहे, पण मूळ बिल, मुदत, बॉक्स आपणच नेऊन पोचवणं आणि वर क्रेडिट नोट. घराचं काम संपल्यावर मी क्रेडिट नोटवर काय घेणार, शोभेचं बेसिन?

आता शेठची बाजू घेतोय असं वाटायला नको, म्हणून त्याची खरी खोट सांगतो. पहिली म्हणजे बिल. 'बिल हवं असेल तर 18 टक्के वर जातील' हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. पक्कंच बिल घ्या आणि त्यावर बॅच नंबर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर उद्या भांडायचं कशाच्या जोरावर? 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असलं तरी दबकून जाऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. बिल न देणं हेही त्याच यादीत बसतं. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, स्टोअर असो की शेठ, दोघांनाही लागू. अर्थात मिस्त्री खोळंबलेला असताना त्या वाटेने जायला सवड कुणाला असते, हा भाग वेगळा.

दुसरी खोट मिस्त्रीच्या कमिशनची. 'त्याच दुकानातून घ्या' असं तो फार आग्रहाने म्हणाला की बहुधा त्याचे टक्के ठरलेले असतात. त्या दुकानात एकदा त्याला न घेता जाऊन भाव काढून या. स्टोअरमध्ये हा खेळ कमी दिसतो, भाव लिहिलेला असतो.

नळ, शॉवर, गीझर यांच्या बाबतीत मात्र मी स्टोअरलाच जाईन. तिथे वॉरंटी कंपनीची असते, नळ गळला तर कंपनीचा माणूस येऊन आतलं कार्ट्रिज बदलतो, विकणाऱ्याशी आपला संबंधच येत नाही. सिमेंटचं उलट. गोणीवर कुठल्या आठवड्याचं उत्पादन ते छापलेलं असतं, आणि माझा अनुभव असा की ज्याच्याकडे रोज टेम्पो भरून गोणी जातात त्याच्याकडे ताजा माल मिळतो. स्टोअरमध्ये कोपऱ्यात रचलेल्या गोण्यांची तारीख मी तरी तपासूनच घेईन.

टाइल्सचं तुमचं तुम्ही ठरवा. घरी वेळ भरपूर असेल, मिस्त्री रोजावर नसून अंगावर काम घेतलेला असेल, तर स्टोअरचा गोडवा कदाचित परवडेल. नाहीतर नमुने स्टोअरमध्ये सगळ्यांनी मिळून बघा, डिझाइनचं नाव लिहून आणा आणि शेठकडे जा. सकाळी जाऊ नका, तेव्हा कंत्राटदारांची गर्दी असते. दुपारी जेवणानंतर तो जरा माणसात असतो.