सात महिने ऑनलाइन युद्धशास्त्र शिकल्यावर

मी खानापूर तालुक्यातल्या शाळेत इतिहास शिकवते. गेल्या जूनपासून युद्धशास्त्राचे दोन ऑनलाइन कोर्स केले, एक मोफत, एक पैसे भरून. भरतीची तयारी करणारी मुलं 'करू का?' असं सारखी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले दोन महिने वाया गेले. उद्दिष्टाची निवड, अनपेक्षित धक्का, शक्तीचं केंद्रीकरण अशी तत्त्वं पाठ झाली, चाचणीत गुण पडले, पण लढाई काही कळेना. अडचण मांडणीत आहे. व्हिडिओ सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो. उदाहरणार्थ, ऑस्टरलिट्झच्या लढाईत, 1805 मध्ये, नेपोलियननं प्रात्झनची टेकडी मुद्दाम सोडली, उजवी बगल दुबळी दाखवली, शत्रू तिकडे वळल्यावर मधोमध घाव घातला. शेवट ठाऊक असल्यावर हे सोपंच वाटतं. मग मी नकाशा आला की व्हिडिओ थांबवू लागले. दोन्ही फौजा वहीत काढायच्या, आपला निर्णय कारणासकट लिहायचा, मगच पुढं जायचं. ऑस्टरलिट्झला मी टेकडी सोडायला तयार नव्हते.

असंच पालखेड मांडलं. कोर्समध्ये ते नाही, सगळी उदाहरणं युरोपातली, हा मोठा उणेपणा. 1728 ला निजामाकडे जड तोफखाना होता. तो पुण्यावर गेला तरी बाजीराव पुण्याकडे धावले नाहीत, उलट निजामाच्याच मुलखाला धोका उभा केला. निजाम मागं फिरला, घाईत तोफा मागं राहिल्या, आणि पालखेडला त्याचं पाणी तोडलं गेलं. पुणं जात असताना तिकडे न वळण्याला किती धीर लागतो, हे वहीत स्वतः निर्णय लिहिताना समजलं.

शेजारचे सुभेदार मामा मराठा पलटणीतून निवृत्त झालेत. एका रविवारी अंगणात वाळू पसरून आम्ही आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरची लढाई मांडली. निळी सुतळी म्हणजे ब्रह्मपुत्रा, काड्यापेटी म्हणजे शहर. डिसेंबर 1971 मध्ये पहिल्या मराठा पलटणीनं नदी ओलांडून मागून वळसा घातला, टांगाईलचा रस्ता अडवला. 10 तारखेच्या रात्री वेढा फोडून निघालेली पाकिस्तानी फौज याच मोर्चांवर आदळली.

मी म्हटलं, "वळसा आणि नाकेबंदी."

"होय की," मामा म्हणाले, "पण दारूगोळा पाठीवर किती नेला? मोर्चे खणायला वेळ किती मिळाला? ते सांग आधी."

माझ्या वहीत हा हिशेबच नव्हता. रसदीचा आठवडा मी भराभर उरकला होता. परत काढला तर तोच सगळ्यात कसदार निघाला. माणसाच्या पाठीवरचं ओझं, जनावरांचा चारा, दिवसाची मजल. त्यानंतर पानिपत वाचताना नजर आधी 14 जानेवारीकडे गेली नाही. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दालीनं बागपतला यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तुटली, तिथं थांबले.

मराठीत उपशीर्षकं नाहीत, इंग्रजी भरभर चालतं. पैसे भरून प्रमाणपत्र तेवढं जास्त मिळालं. मोफत कोर्स पुरेसा आहे, मात्र वही आणि नकाशा घेऊनच बसा. जमलं तर जवळपासच्या एखाद्या माजी सैनिकाला सोबत घ्या. आपल्या भागात ते गावोगाव आहेत.

पुढच्या रविवारी 1818 चा बेळगाव किल्ल्याचा वेढा मांडायचा आहे. वेढा घालणाऱ्या इंग्रज सेनानी मन्रोनं तोफा कुठे लावल्या असतील, त्यासाठी शनिवारी खंदकाच्या कडेनं पायी फिरून येणार आहे.