आधी ‘पर्सेपोलिस’ की ‘रीडिंग लोलिता इन तेहरान’?

इराणबद्दल पहिलं पुस्तक म्हणून मी मार्जान सत्रापींचं ‘पर्सेपोलिस’च हातात देते. २००० साली फ्रेंचमध्ये यायला लागलेलं हे चित्ररूप आत्मकथन. काळ्यापांढऱ्या चौकटींत क्रांती, युद्ध, दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर आलेला हिजाब. तुरुंगात अनुशकाकाने पावाचा केलेला हंस आणि छातीशी जाईची फुलं ठेवणारी आजी माझ्या मनातून जातच नाहीत.

साहित्य शिकवणाऱ्या आझर नफिसींचं ‘रीडिंग लोलिता इन तेहरान’ (२००३) हे आठवणींचं पुस्तक संथ. गुरुवारी सकाळी विद्यार्थिनी त्यांच्या घरी जमतात, सक्तीचे झगे उतरवतात, मग नाबोकोव्ह, ऑस्टिन यांच्या कादंबऱ्यांवर बोलतात. त्या कादंबऱ्या वाचल्या नसतील तर मधली पानं जड जातात. मात्र झगे उतरल्यावर दिसणारे ते रंगीत कपडे! तिथे मी बराच वेळ थांबले होते.